दांडी नाही, भोक नाही, मग बाटली लावायची कुठं?

माझी सायकल मुळात माझी नव्हेच. लेकीला दहावीनंतर क्लासला जायला घेतलेली. ती इंजिनीअरिंगला पुण्याला गेली आणि सायकल जिन्याखाली उभी राहिली. दोन वर्षं तिच्या कॅरिअरवर रद्दी साठत होती. मग मला मूतखडा झाला. डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या: वजन उतरवा, आणि दिवसाला अडीच-तीन लिटर पाणी पोटात गेलंच पाहिजे. पहिल्या गोष्टीसाठी रद्दी खाली उतरवून सायकल बाहेर काढली. दुसऱ्या गोष्टीनं पुढचे आठ महिने माझं डोकं खाल्लं, त्याचा हा हिशेब.

हिशेब लिहिणं हाच माझा धंदा आहे. मार्केट यार्डात गुळाच्या एका अडतीवर मी वह्या सांभाळते. घर कोल्हापुरातल्या फुलेवाडीत. म्हणजे रोज रंकाळ्याच्या कडेनं निघून सगळं गाव ओलांडायचं, एका बाजूला साताठ किलोमीटर. रविवारी आम्ही पाचसहा बायका पन्हाळ्याच्या दिशेनं जातो. कधी केर्लीपर्यंत, कधी वाघबीळपर्यंत, आणि पाय साथ देत असतील तर वर गडापर्यंत. वीसेक किलोमीटर अंतर, पण शेवटचा चढ असा की घशाला कोरड पडते आणि बाटली आठवते.

ती बाटली ठेवायची कुठं, इथंच सगळं अडतं. पोरांच्या गिअरच्या सायकलींना खालच्या तिरक्या नळीवर दोन भोकं असतात, आत आटे पाडलेले. पाच मिलीमीटरचे दोन बोल्ट, मधलं अंतर 64 मिलीमीटर. जगभर बहुतेक सगळीकडं हेच माप, म्हणून कुठलाही बाटलीचा पिंजरा कुठल्याही सायकलला बसतो. माझी लेडीज सायकल. हिला वरची दांडी नाही, आहे ती एकच नळी, ती पण वाकून खाली गेलेली, आणि तिच्यावर भोक औषधालासुद्धा नाही. कंपनीला वाटलं असेल, बायकांना काय तहान लागते! (खरं सांगायचं तर बायका रस्त्यावर पाणी पितच नाहीत. पाणी प्यायलं की पुढचा प्रश्न उभा राहतो, आणि त्या प्रश्नाला फुलेवाडी ते मार्केट यार्ड या वाटेवर माझ्याकडं धड उत्तर नव्हतं. आता एक पेट्रोल पंप आणि एक हॉस्पिटल ठरवून ठेवलंय. मूतखड्याची कळ ज्यानं सोसली त्याला लाज परवडत नाही.)

आधी बास्केट. लेडीज सायकलला पुढं जाळीची बास्केट येतेच, तिच्यात टाका की बाटली, असं सगळे सांगतात. टाकली. बास्केटमध्ये आडवी पडलेली स्टीलची बाटली रंकाळ्यापासून अडतीपर्यंत घंटेसारखी वाजते. टॉवेल गुंडाळला तर वाजत नाही, पण प्यायची म्हटली की टॉवेल सोडायचा, डबा बाजूला करायचा, म्हणजे थांबायचं. एका गतिरोधकावर डबा आणि बाटली दोघं मिळून उडाले, आणि त्या दिवशी माझी आमटी रस्त्यानं प्यायली.

मग कॅरिअर. जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून करकचून बांधली. हे आपल्याकडचं पिढीजात तंत्र आहे, माझे वडील याच पट्टीवर दुधाची किटली न्यायचे. किटली पडली नाही कधी. माझी बाटली मात्र गुळगुळीत, गोल, आडवी. पन्हाळ्याचा उतार उतरताना वाघबीळच्या अलीकडं ती मागच्या मागं निसटली. ठाण्ण असा आवाज झाला आणि मागच्या वहिनी ओरडल्या. वळून बघते तर बाटली माझ्या पुढं जायच्या घाईत रस्त्याच्या कडेनं घरंगळत येत होती. कणसं भाजणाऱ्या एका पोरानं ती पायानं अडवली आणि आणून दिली. म्हणाला, "मावशी, बाटली तुमच्या आधी कोल्हापूरला पोचली असती." तिच्या पोटात गेलेला पोचा अजून आहे. पण कॅरिअरची खरी खोट पडण्यात नाही. बाटली पाठीमागं असली की दिसत नाही, आणि दिसली नाही की आठवत नाही. संध्याकाळी घरी येऊन बघावं तर सकाळी भरलेलं पाणी तसंच.

आमचे शेठ म्हणाले, उद्यमनगरात जा, दोन होल पाडून घे, काय एवढं! कोल्हापूरच्या माणसाचा उद्यमनगरावर तसा विश्वास असतोच. इंजिनाच्या पार्टपासून पितळी घंटेपर्यंत काय पाहिजे ते तिथं घडवून मिळतं. गेले. लेथवरच्या दादांनी नळीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं, कान लावला, आणि मान हलवली. "ताई, नळी पातळ हाय. होल पाडायला काय, दोन मिनिटं. पण आटे धरणार न्हाईत. रिव्हेट नट बसवावा लागंल, आणि खालच्या वाकड्या नळीला मी तरी होल पाडणार न्हाई. सगळा भार तिच्यावरच हाय." पैसे मिळत असताना काम नको म्हणणारा कारागीर भेटला की मी त्याचं ऐकते.

तिथून पुढचा शहाणपणा मात्र सर्वस्वी माझा. पापाच्या तिकटीवरच्या चपलांच्या बाजारात जाऊन कातड्याचा पट्टा करून घेतला. मनात म्हटलं, 2019 साली आपल्या कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, तेच कातडं, तीच वादी, तीच शिलाई. बाटली धरायला याहून भारी काय? दिसायला इतका देखणा झाला की पहिल्या रविवारी सगळ्यांनी फोटो काढले. करकर वाजायचासुद्धा. मे महिना झकास गेला. जूनमध्ये पाऊस लागला आणि पट्टा दोन दिवसांत असा सैल पडला की बाटली त्यात नमस्कार करायला लागली. कोल्हापुरी चपला पावसाळ्यात पेटीत ठेवायच्या असतात हे मला लहानपणापासून माहीत आहे. पट्ट्याला चपलेचाच नियम लागणार, एवढं सुचलं नाही. कारागिराचा दोष शून्य, माझे साडेतीनशे रुपये पाण्यात.

भाच्यानं त्याची ट्रेकिंगची पाण्याची सॅक दिली, पाठीवरची, नळीतून ओढून प्यायची. या सॅकची गोष्ट मोठी गमतीची आहे. 1989 साली अमेरिकेत, टेक्सासमधल्या एका शंभर मैलांच्या सायकल शर्यतीत, भर उन्हाळ्यात, मायकेल आयडसन नावाच्या गड्यानं सलाईनची पिशवी पायमोज्यात घालून बनियनच्या पाठीला अडकवली. नळी खांद्यावरून पुढं घेतली आणि कपड्याच्या चिमट्यानं धरली. हा बाबा अँब्युलन्सवर काम करणारा, म्हणून सलाईन सुचलं. कॅमलबॅक कंपनी त्यातून उभी राहिली. मला हे फार आवडलं, म्हणून मी ती सॅक मनापासून वापरली. पण दोन लिटर पाणी म्हणजे दोन किलो, ते पाठीवर, खाली पंजाबी ड्रेस, वर ओढणी. अडतीवर पोचायची तेव्हा पाठ अशी भिजलेली की शेठनी पंखा माझ्याकडं फिरवला. शिवाय नळी धुवायचं काम. दोन दिवस राहिली तर आत काळे ठिपके. लांबच्या डोंगरवाटेला ती ठीक, रोजच्या हिशेबनिसाला नको.

आता चुंबकाच्या बाटलीबद्दल लिहिते, कारण मला सगळ्यात जास्त तिच्याबद्दलच विचारलं जातं. आमच्या रविवारच्या टोळीत एक डॉक्टरबाई आहेत, त्यांच्याकडं फिडलॉकची आहे, हॅनोव्हरच्या जर्मन कंपनीची. पिंजरा नाहीच. सायकलला एक लहानसं बूड, बाटलीला एक बूड. बाटली जवळ नेली की चुंबक ती ओढून घेतं आणि खटक्यात बसवतं. धरून ठेवायचं काम चुंबकाचं नाही, खटक्याचं. चुंबक फक्त वाट दाखवतं, म्हणून न बघता सुद्धा बसते. काढायची तर थोडी पिळायची, सुटते. भोकं नसलेल्या सायकलीला पट्ट्यांनी बांधायचं बूडही मिळतं. बाईंनी आठवडाभर मला वापरायला दिलं. तो "टक्" आवाज ऐकायला मी सिग्नलला उगाच दोनदा बाटली काढून बसवत होते, हे कबूल करते. रंकाळ्याच्या कडेच्या खड्ड्यांत ती तसूभर हलली नाही. पण माझी नळी पार खाली, पायाच्या घोट्यापाशी. बाटलीपर्यंत हात न्यायचा म्हणजे पाया पडायला वाकल्यासारखं वाकावं लागतं. त्यांची बाटली 590 मिलीची, आणि किंमत ऐकल्यावर मी ती कापडानं पुसून, दोन्ही हातांनी परत केली. ज्यांची नळी सरळ आहे आणि खिसा खोल आहे त्यांनी डोळे झाकून घ्यावी.

फॅब्रिक नावाच्या कंपनीनं याच्याही पुढं जाऊन नुसत्या दोन बटणांवर बसणारी बाटली काढली होती, बाटलीलाच खाचा आणि सायकलला फक्त दोन गुंड्या. डोकं भारी आहे. पण त्या गुंड्यांनाही तीच दोन भोकं लागतात. मी तो विषय तिथंच मिटवला.

आणि मग लक्ष्मीपुरीत पर्सची चेन बदलायला गेले होते. बॅग दुरुस्तीची टपरी, एक शिलाई मशीन, भिंतीला शाळेची दप्तरं टांगलेली. चेन लावून होईपर्यंत बसले आणि सहज माझं रडगाणं सांगितलं. ते काका मशीन थांबवून म्हणाले, "हँडलला पिशवी अडकवू की. बाटली घेऊन या. सायकल नको, सायकलचं माप मला काय करायचंय? माप बाटलीचं घ्यायचं."

दुसऱ्या दिवशी बाटली घेऊन गेले. त्यांनी ती आधी उलटीपालटी करून बघितली, पोच्यावर बोट फिरवलं, काही विचारलं नाही. मग वर्तमानपत्राचं एक पान बाटलीभोवती गुंडाळलं, जिथं कडा भेटली तिथं नखानं चुणी पाडली, आणि त्या चुणीच्या पुढं आपली तर्जनी आडवी ठेवून कात्री मारली. एक बोट सैल. बुडाचा गोल काढायला बाटलीच कागदावर उभी केली. पेन्सिल शोधली नाही. ओल्या खडूनं भोवती फिरवलं. बाहेरून जाड कॅनव्हास, ताडपत्रीतला. आत काय घालायचं यावर आमचा थोडा वाद झाला. त्यांना फोम घालायचा होता, "गार राहील". मी नको म्हटलं, त्याचं कारण पुढं येतंय. हँडलला धरायला दोन चिकटपट्टीचे पट्टे, म्हणजे आपलं वेल्क्रो, आणि तिसरा पट्टा हँडलच्या खालच्या उभ्या नळीला, नाहीतर पिशवी झोपाळ्यासारखी झुलते. बुडाला पितळी रिंग ठोकून एक भोक, पावसाचं पाणी खाली जायला. तोंडाला नाडी हवी का विचारलं. नाडी ओढली तर बाटली काढायला दोन हात लागतात, आणि एक हात ब्रेकला पाहिजे. मग त्यांनी पायजम्याचं रुंद इलॅस्टिक घातलं. बाटली खाली दाबली की आत, ओढली की बाहेर. एकूण 180 रुपये, तिसऱ्या दिवशी हातात.

फोम का नको म्हटलं, तर आमच्या लहानपणी गुळाच्या गाड्या न्यायला येणाऱ्या ट्रकच्या पुढच्या बंपरला कॅनव्हासची छागल, म्हणजे पाण्याची पिशवी, लोंबत असायची. बाहेरून कायम ओली, आणि आतलं पाणी भर उन्हात गारेगार. ओल्या कापडातलं पाणी वाऱ्यानं उडतं आणि उडताना आतली उष्णता घेऊन जातं, माठाचंच गणित. फोम घातला की हे बंद. म्हणून मी एप्रिलमध्ये निघताना पिशवीवरून एक तांब्या पाणी ओतते. एकेरी पत्र्याची स्टीलची बाटली असेल तर अडतीवर पोचेपर्यंत पाणी फ्रिजचं नाही, पण माठातलं लागतं. पावसाळ्यात हवाच ओली, तेव्हा काही उपयोग नाही, उलट पिशवी वाळत नाही आणि कुबट वास येतो. जुलैमध्ये मी तिला दोनदा व्हिनेगरमध्ये भिजवून काढली.

तराजू हाताशी आहे म्हणून वजनंही सांगते. गुळाच्या नमुन्याच्या काट्यावर पिशवी भरली 95 ग्रॅम, रिकामी स्टीलची बाटली 310. लिटरभर पाणी धरून सव्वा किलोच्या वर माल हँडलच्या एका बाजूला. चालवताना याचा त्रास मला तरी जाणवत नाही. जाणवतो तो सायकल स्टँडवर लावल्यावर. हँडल आपोआप बाटलीच्या बाजूला वळतं आणि सायकल आडवी होते. पहिल्या आठवड्यात तीनदा झाली, एकदा भाजीवालीच्या मेथीवर. आता पुढच्या ब्रेकला ट्यूबची पट्टी बांधून ठेवते, चाक अडतं आणि हँडल वळत नाही. चढाला उभं राहून पायडल मारलं तर गुडघा पिशवीला लागतो. मी उभी राहत नाही, माझा तो वयोगट गेला. ज्या राहतात त्यांनी पिशवी अर्धी वीत आखूड शिवून घ्यावी आणि लहान बाटली लावावी. पट्टे लावताना ब्रेकची वायर त्याखाली दाबली जाणार नाही हे बघा. माझी दाबली गेली होती आणि पुढचा ब्रेक दोन दिवस चिकटत होता.

सगळ्यात मोठी चूक बाटलीतच होती, हे कळायला मला अजून एक महिना लागला. फिरकीचं झाकण. पिशवी हाताशी आली, बाटली एका हातात आली, आणि आता झाकण फिरवायला दुसरा हात कुठून आणायचा? दातांनी फिरवायचा प्रयत्न केला, त्याबद्दल अधिक लिहीत नाही. शेवटी शाळेच्या पोरांची असते तशी, अंगठ्यानं झाकण उडवलं की नळी वर येते, अशी स्टीलचीच घेतली. तेव्हापासून दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला दोन घोट, व्हीनस कॉर्नरला दोन घोट, असं न ठरवता जातं. अडतीवर पोचते तेव्हा बाटली निम्मी झालेली असते. कॅरिअरवरच्या काळात आधीची बाटली दिवसभर भरलेली राहायची.

मुद्दाम जुने फोटो बघितले तेव्हा कळलं, पूर्वीच्या टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीतले गडीसुद्धा हँडललाच बाटल्या लावायचे, पुढं जोडीनं दोन-दोन, अॅल्युमिनियमच्या, बुचाच्या. खालच्या नळीवर बाटली नंतर गेली. आमच्या टपरीवरच्या काकांना मी हे सांगितलं, तर त्यांनी सुई तोंडात धरूनच मान डोलवली, जणू त्यांना हे आधीपासून ठाऊक होतं.

तक्रार म्हणावी तर एकच. चार महिन्यांत इलॅस्टिक सैल पडलं आणि शिवाजी पुलाच्या सांध्यावर बाटली उडी मारायच्या बेतात होती, हातानं दाबून धरली. काकांनी वीस रुपयांत दुसरं घातलं, यावेळी दोन पदरी. ते आता ताठ इतकं आहे की बाटली काढताना पिशवीच वर येते. पुढच्या खेपेला मधलं काहीतरी काढू म्हणालेत.

रविवारच्या टोळीतल्या तिघींनी शिवून घेतल्या, एकीनं साडीच्या काठाची किनार लावून. टपरीचा भाव 220 वर गेलाय. शेठनी परवा माझी सायकल निरखून बघितली आणि विचारलं, माझ्या स्कूटरला अशी एक होईल का, पानाचा डबा मावेल एवढी. काकांना विचारलं. म्हणाले, डबा घेऊन या.